नाशिकची अंगणवाडी: ताट ठीक, काटा तपासून घ्या, वेळ मात्र कामावर जाणाऱ्या आईची नाही

सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्या असोत, पेठ रोडकडच्या वसाहती असोत की दिंडोरी-निफाडचे द्राक्षमळे, तीन वर्षांच्या मुलासाठी घराजवळ फुकट मिळणारी सेवा म्हणजे अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतली ही संस्था आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे गरज पडली तर दवाखान्यात पाठवणं), पूर्वशालेय शिक्षण आणि पोषण-आरोग्य शिक्षण अशा सहा सेवा देते. मूल घालण्याआधी तिथे काय बघावं, काय मागून घ्यावं आणि कशाची आशा धरू नये, ते सांगतो.

आधी ताट. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तीन ते सहा वर्षांच्या मुलाला सकाळची न्याहारी आणि गरम शिजवलेलं जेवण मिळून ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं ठरवून दिली. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना आणि गरोदर-स्तनदा मातांना घरी न्यायचा शिधा, म्हणजे टीएचआर मिळतो. अन्न शिजतं तिथे दर्जा बहुतेक वेळा खाण्याजोगा असतो. बिघाड होतो तो मदतनीस रजेवर गेली की. शिजवणं, भांडी, झाडलोट, लहानांना घरून आणणं सगळं तिच्याकडे, तिच्या जागी दुसरं कोणी येत नाही, मग त्या दिवशी सेविका एक तर वर्ग घेते नाहीतर चूल सांभाळते. घरच्या शिध्याचं दुखणं वेगळं: पाकीट एका बाळाच्या नावाचं असतं आणि घरी सगळ्यांच्या ताटात वाटलं जातं. त्यात गरोदर बाई स्वतःचा वाटा सगळ्यांत शेवटी घेते. म्हणून पेठ, सुरगाण्यासारख्या आदिवासी भागात अमृत आहार योजनेखाली तिला अंगणवाडीतच बसवून जेवू घालतात. या योजनेतली ही सर्वांत समजूतदार गोष्ट, कारण घरात बाईचं पान कधी वाढलं जातं हे ओळखून ती आखली आहे.

वजन-उंचीकडे स्वतः लक्ष द्या, दर महिन्याला. टांगता काटा असेल तर झोळीसह काटा शून्यावर आणला का, ते बघा. निफाडच्या थंडीत मूल स्वेटर-टोपीसकट टांगलं तर दोन-तीनशे ग्रॅम सहज वाढतात आणि मूल कागदावर सुधारतं. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी निजवून मोजायची, त्यापुढे उभं करून. उभं राहिल्यावर माप साधारण ०.७ सेंटिमीटरने कमी येतं, पद्धत चुकली तर तेवढी दुरुस्ती करावी लागते. दंडाचा घेर डाव्या हाताचा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडून घ्यायचा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलात ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे सॅम, म्हणजे अतितीव्र कुपोषित. ११.५ ते १२.५ च्या आत म्हणजे मॅम, म्हणजे मध्यम कुपोषित. पट्टी आवळून धरली की आकडा घटतो, सैल ठेवली की वाढतो. दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून खळगा राहतो का, हेही तपासायला सांगा. सूज असलेलं मूल वजनात फसवतं.

मुलींचा वाढीचा तक्ता गुलाबी, मुलग्यांचा निळा. तक्ते वेगळे हवेतच, कारण दोघांच्या वाढीची मानकं वेगळी आहेत. हा फरक तेवढाच राहावा. खेळकोपऱ्यात मुलींकडे भातुकली नि बाहुली, मुलग्यांकडे ठोकळे नि गाडी, ही वाटणी कुठल्याही मानकात नाही, ती मोठ्यांच्या सवयीतून येते. चांगली सेविका दर आठवड्याला गट फिरवते. ठोकळे रचताना आकार आणि तोल कळतो, भातुकलीत मोजणं आणि वाटणं येतं, दोन्ही दोघांना हवं. ‘माझं कुटुंब’ शिकवायचे तक्ते लावलेले असतील तर त्यात चुलीजवळ कोण आणि पेपर वाचताना कोण, हे बघा आणि सेविकेशी बोला. या वयात पाटी-पेन्सिलचा आग्रह मात्र धरू नका. ‘अजून एबीसीडी येत नाही’ या पालकांच्या तक्रारीपोटी खेळाचा वेळ गिरवण्यात जातो.

आता वेळ. अंगणवाडी साधारण चार-पाच तास चालते आणि दुपारी बंद होते. एमआयडीसीतली पहिली पाळी सकाळी सातला लागते नि साडेतीनला सुटते. मुलाला दहाला सोडणार कोण आणि दुपारी आणणार कोण? वेळापत्रकाने घरी आई धरलेली आहे. आई कामावर असेल तर ती जागा आजी भरते, आणि आजी गावी असेल तर नऊ-दहा वर्षांची बहीण. तिची शाळा अशीच अर्धी होते, आणि हजेरीपटावर कारण लिहिलं जातं ‘घरगुती’.

यावरचा तोडगा महाराष्ट्रातच कधीचा सापडलेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेल्या आणि पुढे कोसबाडला नेलेल्या कामातून विकासवाडी उभी राहिली: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र. धाकटं भावंड शेजारच्या खोलीत, म्हणून थोरली वर्गात. अंगणवाडी देशभर गेली, पण तिच्याजवळचा पाळणा मागे राहिला. मिशन शक्तीतल्या पाळणा योजनेत आता महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास चालणारी पाळणाघरं आहेत, एका ठिकाणी २५ मुलांपर्यंत. प्रवासाचा वेळ धरला तर पाळीला साडेसात तासही अपुरेच पडतात, तरीही तुमच्या प्रभागात असं केंद्र आहे का, याची बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी चौकशी जरूर करा.

कारखान्याकडूनही मागा. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची अट ३० पेक्षा जास्त स्त्री कामगारांवर बांधलेली होती, म्हणजे खर्चाचा हिशेब थेट बाईच्या नावावर चढायचा आणि तिला कामावर घेणंच महाग वाटायचं. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ५० कर्मचारी मोजले, स्त्री-पुरुष मिळून. ही मोठी सुधारणा. मात्र दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा तिने आईलाच दिली, बापाला दिली नाही. गंगापूर रोड किंवा इंदिरानगरच्या खासगी पाळणाघरातही फॉर्मवर पहिला फोन आईचाच मागतात. तिथे बापाचा नंबर वर लिहा. ताप आला की त्यालाही रजा काढता येते.

सेविकेबद्दल. सेविका आणि मदतनीस या दोन्ही जागा फक्त स्त्रियांच्या, आणि मिळतं त्याला पगार नाही, मानधन म्हणतात. मूल सांभाळणं ही बाईची माया, तिला मोल कशाला, ही समजूत सरकारी कागदात उतरली ती अशी. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल ॲपवरच्या नोंदी, गृहभेटी, सर्वेक्षणं, मतदार यादीची कामं यातून वर्गासाठी जे उरतं, त्यातच तिचं शिकवणं बसतं. तुमच्या मुलाला गाणी-गोष्टी कमी मिळत असतील तर तक्रार तिच्यावर करू नका, तिच्यावरच्या कामांच्या यादीवर करा.

द्राक्षपट्ट्यात येणाऱ्या मजुरांच्या टोळ्यांसाठी शेवटचं. एप्रिलच्या खरड छाटणीला आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला सुरगाणा-पेठहून कुटुंबंच्या कुटुंबं येतात, आणि मुलाचं नाव मात्र गावच्या अंगणवाडीत राहतं. निघण्यापूर्वी गावच्या सेविकेकडून पोषण ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद करून घ्या. माता-बाल संरक्षण कार्ड आणि आधार क्रमांक जवळ ठेवा, आणि मळ्यावर पोचताच जवळच्या अंगणवाडीत दाखवा. आधार नाही म्हणून आहार नाकारला तर पर्यवेक्षिकेशी बोला, बाळासाठी आईच्या आधारवर नोंद होते. बागायतदारांनी उक्तं ठरवतानाच मुलांसाठी सावलीची बंद खोली आणि एका बाईची पूर्ण मजुरी धरावी. गोडी छाटणीनंतर डोळे फुटायला काड्यांना लावतात ते हायड्रोजन सायनामाइड कातडीतूनही विषारी आहे. पेस्ट लावायला बहुतेक बायाच असतात, आणि त्याच हातांनी ओळीत टांगलेल्या झोळीतलं बाळ अंगावर घेतलं जातं. हातमोजे, साबण-पाणी आणि झोळी बागेबाहेर, एवढं पेस्टचा डबा उघडण्याआधी झालेलं असलं पाहिजे.