द चिक्स: ‘वाइड ओपन स्पेसेस’ घ्यावा की ‘होम’?

मावसभावाला द चिक्स या अमेरिकन कंट्री (तिथल्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेला प्रकार) बँडची एकच रेकॉर्ड घ्यायचीय. ग्रॅमी दोन्हींना मिळालंय, त्यामुळे तो निकष बाद.

वाद्यं: १९९८ च्या ‘वाइड ओपन स्पेसेस’मध्ये ड्रम, इलेक्ट्रिक गिटार, सगळा कंट्रीचं केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहराचा थाट. २००२ च्या ‘होम’मध्ये ड्रम जवळजवळ नाहीतच, बँजो, फिडल (व्हायोलिन), डोब्रो (धातूच्या तबकडीची गिटार) अगदी कानाशी. निर्मितीत बँडची मुख्य गायिका नॅटली मेन्सचे वडील लॉइडही आहेत.

शब्द: इथे ‘होम’ भारी. ‘ट्रॅव्हलिन सोल्जर’मध्ये फुटबॉल मैदानावर युद्धात मारल्या गेलेल्यांची नावं वाचली जातात, तिथे मी दरवेळी हातातलं काम थांबवतो. पहिल्यात असं थांबणं कमी, गुणगुणणं जास्त.

कंट्री नवीन असेल, गाडीत लावायचं असेल तर पहिला. रात्री हेडफोन लावून बसणाऱ्याने ‘होम’च घ्यावा.