चार टंग ट्विस्टर: कोणतं कशाच्या कामाचं?

उच्चार सुधारायला टंग ट्विस्टर म्हणा, असं सगळेच सांगतात. कोणतं कशासाठी, हे क्वचितच कोणी सांगतं. त्यात भरभर म्हणून दाखवण्याच्या नादात अर्धा उपयोग वाया जातो.

‘काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ हे सर्वांत कामाचं. र म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांमागे हिरडीला लागतं, ळ म्हणताना ते मागे वळून टाळूला लागतं. खरी गोम ‘मिसळले’मध्ये आहे, कारण तिथे ळला चिकटूनच ल येतो. वेग वाढला की जीभ मागे वळायचा कंटाळा करते आणि ‘मिसलले’ नाहीतर ‘मिसळे’ ऐकू येतं. अशा वेळी अख्खं वाक्य घोकू नका. नुसतं ‘ळले, ळले’ सावकाश दहादा म्हणा, मग ‘मिसळले’, मग वाक्य.

‘चटईला टाचणी टोचली’ छोटं पण चिवट. यातला च ‘चिमणी’तला नाही, ‘चाक’मधला, म्हणजे दाताजवळचा. ट मात्र मागचा. जिभेची सारखी ये-जा होते आणि घाईत टाचणीची ‘टाटणी’ होते.

‘कच्चा पापड, पक्का पापड’ सगळ्यांना येतं, म्हणूनच फसवं. च्च आणि क्क वर क्षणभर हवा अडवली नाही, तर ‘कचा पापड, पका पापड’ होतं.

‘काकूने काकांच्या कामाचे कागद कात्रीने कराकरा कापले’ याचं कौतुक जरा जास्तच होतं. जिभेच्या टोकाला त्यात फारसं काम नाही. एका श्वासात म्हणताना शेवटचं ‘कापले’ गिळलं जातं का, एवढं तपासायला ठीक.

सराव असा: मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) 60 वर, म्हणजे मिनिटाला 60 ठोके, एका ठोक्याला एक अक्षर. पहिली फेरी कुजबुजत. आवाजाचा आधार गेला की ढिली व्यंजनं लगेच उघडी पडतात. सलग तीनदा बिनचूक आलं तरच वेग 10 ने वाढवा, चुकलं की मागे या. रोज पाच-सात मिनिटं पुरेत. रेकॉर्ड करताना फोन तोंडासमोर नको, थोडा बाजूला धरा. नाहीतर प चा नुसता फुत्कार ऐकू येतो. दातांत पेन्सिल धरून बोलण्याने जबडा आवळतो, ते टाळलेलंच बरं.

वाक्य पाठ होऊन त्याला चाल लागली की त्याचा उपयोग संपला. मग ळ-ल भरपूर असलेला साधा उतारा मोठ्याने वाचा. बोलताना अडखळणं किंवा एखादं अक्षर मुळातच न येणं हे मात्र यांचं काम नाही, त्यासाठी स्पीच थेरपिस्टच गाठावा.