कॅटलॉगवाली नर्सरी की झाडवेडा माणूस?

रामबुतान, जाबोटिकाबा, मँगोस्टीन यांसारखं दुर्मिळ फळझाड किंवा एखादं रानातलं झुडूप हवं असेल, तर शोभेची रोपं विकणाऱ्या नेहमीच्या नर्सरीत हेलपाटे घालून तुमचा उत्साह एव्हाना ओसरत आला असेल. तिथून पुढे दोन वाटा फुटतात. एक म्हणजे शेकडो जातींची यादी लावून कुरिअरने रोपं पाठवणारी मोठी नर्सरी. दुसरी म्हणजे स्वतःच्या वेडापायी झाडं जमवलेला आणि त्यांचीच थोडी रोपं करून विकणारा माणूस. मी दोन्हीकडून घेतलंय आणि दोन्हीकडची काही मारलीही आहेत, त्यामुळे थोडं बोलायला हरकत नसावी.

शोधायला कॅटलॉग सोपा, यात वाद नाही. फक्त शास्त्रीय नावाने शोधा, आणि जुन्या नावानेही शोधा. जाबोटिकाबाला आता प्लिनिया म्हणतात, पण कित्येक याद्यांत ते अजून मिर्सिएरिया म्हणूनच बसलेलं असतं. नुसत्या बाजारी नावावर जाल तर एकाच नावाखाली तीन निराळी झाडं निघतील. आज कोणतं नाव ग्राह्य आहे हे लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' या सूचीत पाच मिनिटांत कळतं.

झाडवेडा मात्र शोधावा लागतो. तो फोन उचलत नाही. उचललाच तर "रोपं अजून लहान आहेत, पाऊस संपल्यावर या" म्हणतो. गेलात तर दोनच रोपं देतो आणि तुमच्याकडे ऊन किती येतं याची उलटतपासणी घेतो. एकाने तर मला रोप द्यायचंच नाकारलं, माझी माती ऐकून. तेव्हा राग आला होता.

प्रवासात रोपं दगावतात ही कुरिअरबद्दलची नेहमीची तक्रार. ती मला तितकीशी पटत नाही. बांधणी आता बरी असते, पानं गळली तरी महिनाभर सावलीत ठेवलं की बहुतेक रोपं सावरतात. माझं मन उडालं ते वेगळ्याच कारणाने.

मी एका मोठ्या नर्सरीतून रामबुतान मागवलं होतं. चिठ्ठीवर 'कलमी' असं छापलेलं. रोप तरतरीत होतं, जोमाने वाढलं. कलमाचा जोड कुठे दिसत नव्हता, पण बुंधा जाड झाला की तो बुजतो अशी मी स्वतःची समजूत घातली. पाचव्या वर्षी मोहोर आला, भरपूर आला, आणि सगळा झडून गेला. सहाव्या वर्षी पुन्हा तेच. मग भिंग घेऊन बसलो: एकूण एक फूल नर. रामबुतानची बीपासून केलेली रोपं लावली तर त्यांतली निम्म्याच्या आसपास नर निघू शकतात, म्हणून तर फळणाऱ्या झाडाचं कलम घ्यायचं. एकतर ते बीचंच रोप होतं, नाहीतर वरचं कलम केव्हाच मरून खालचा खुंट वाढला होता.

चूक कोणाच्याही हातून होते. मला खुपलं ते पुढचं. नर्सरीला विचारलं, कलमाची ही काडी कोणत्या झाडावरची? उत्तर आलं की त्या वेळी माल दुसऱ्याकडून येत होता, आता पुरवठादार बदलला आहे. म्हणजे ज्या रोपाला मी सहा वर्षं पाणी घातलं, त्याची आई कोण हे विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. दुसरं रोप फुकट देऊ म्हणाले, सौजन्याने म्हणाले, पण सहा वर्षं कोण देणार?

तोच प्रश्न झाडवेड्याला विचारला तर तो काही न बोलता बागेच्या टोकाला घेऊन गेला. एक झाड दाखवलं, खाली पडलेलं फळ पुसून हातात ठेवलं, आणि मग रोपावरचा जोड नखाने दाखवला. खाण तशी माती, आणि इथे खाण डोळ्यांसमोर होती. जायफळासारख्या, नर-मादी झाडं वेगळी असणाऱ्या जातींत तर मला याहून मोठी हमी दुसरी दिसत नाही. माझा अनुभव दोन-चार माणसांपुरता आहे हे मान्य. पोकळ झाडवेडेही असतील.

सगळ्याच फळांना हे लागू होतं असंही नाही. मँगोस्टीनचं बी परागीभवनाशिवाय तयार होतं, त्यामुळे रोप जवळजवळ आईसारखंच निघतं. तिथे कुळ विचारण्यापेक्षा पिशवीची खोली बघा, कारण सोटमूळ लांब आणि नाजूक असतं, ते तळाशी वेटोळं झालं की झाड पुढे रखडतं. असं रोप मी कॅटलॉगमधूनही बिनधास्त घेईन. मात्र बिया कुठूनही मागवू नका. रामबुतान, मँगोस्टीन यांच्या बिया वाळल्या की मेल्याच.

रानझाडांच्या बाबतीत माझा काटा थोडा दुसरीकडे झुकतो. लहान विक्रेत्याकडची रानटी रोपं जंगलातून उपटून आणलेली असण्याचा धोका मला जास्त वाटतो. एकाच कुंड्यांच्या रांगेत वेगवेगळ्या वयाची रोपं, तुटलेली जाड मुळं, कुंडीतल्या मिश्रणाशी न जुळणारी मातीची ढेकळं दिसली की मी हात आखडता घेतो. जमिनीवरची बरीच ऑर्किडं तर बुरशीच्या सोबतीशिवाय फार काळ तग धरत नाहीत, म्हणजे उपटलेलं रोप विकत घेऊनही बहुधा हळूहळू मरणारच. ऑर्किडांचं संपूर्ण कुळ वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या, १९७५ साली अमलात आलेल्या 'साइटीस' कराराच्या यादीत आहे, तेव्हा परदेशातून मागवताना कागदपत्रं विचारायला लाजू नका. इथे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं विकणारी मोठी नर्सरी मला जास्त स्वच्छ वाटते.

झाडवेडे सापडतात कुठे? वनस्पती उद्यानांच्या रोपविक्रीत रांगेत पुढे उभी असलेली माणसं बहुधा तीच. कॅलिफोर्नियात १९६८ पासून दुर्मिळ फळं लावणाऱ्यांची संघटना आहे, तिचे सभासद कलमाच्या काड्यांची अदलाबदल करतात. असा गट जवळपास असेल तर आधी तिथे जा, नर्सरी नंतर.

त्या नर रामबुतानचं काय केलं? छाटलं, आणि झाडवेड्याने दिलेल्या फांदीवरचे चार डोळे त्यावर भरले. तीन सुकले. चौथ्याला आता हातभर फुटवा आलाय, आणि खालून खुंटाचे धुमारे येतात ते मी दर रविवारी खुडतो.