पीसीओएसची पांढरी डबी आणि पहिल्या महिन्यातले ४ किलो

पीसीओएस म्हणजे अंडाशयाच्या हार्मोनचा बिघाड, त्यात पाळी चुकते आणि वजन वाढू शकतं. अशा मुलींना वजन उतरवायची पावडर विकणारं केंद्र कॉलेज रोडला असो वा सिडकोत, पद्धत तीच. मोफत तपासणीला बोलावतात, दोन्ही हातांत मशीनच्या दांड्या धरायला देतात आणि आकडा दाखवतात: "वय २६, शरीराचं वय ४५." मुलगी तिथेच खचते. ते मशीन अंगातून बारीक विद्युतप्रवाह सोडून पाण्याचा आणि चरबीचा नुसता अंदाज बांधतं. जेवून किंवा पोटभर पाणी पिऊन मोजलं तरी आकडा हलतो. पीसीओएसचं निदान त्यावर होत नाही. मग ९० दिवसांचं पॅकेज, पैसे आधी, पावती कच्ची. हातात पडते ती डबी. वर 'हर्बल' एवढंच, ना घटक, ना बॅच नंबर, ना कारखान्याचा पत्ता.

वाईट हे की पहिल्या महिन्यात फरक दिसतो, म्हणून विश्वास बसतो. भात-भाकरी बंद केली की स्नायूंतला साखरेचा साठा आटतो आणि त्यासोबतचं पाणी निघून जातं. पावडरीत सोनामुखी असेल तर जुलाबाने आणखी जातं. चरबी फारशी हललेलीच नसते. भूक अचानक मेली, छाती धडधडते, झोप उडाली, तर सिब्युट्रामिन या भूक मारणाऱ्या औषधाची शंका घ्या आणि पावडर लगेच थांबवा. हृदयाला धोका म्हणून भारतात त्यावर २०११ पासून बंदी आहे. थांबलेली पाळी आली हाही पुरावा नव्हे. प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या गोळ्या दहा दिवस देऊन बंद केल्या की आठवड्याभरात बहुधा रक्तस्राव होतोच. स्त्रीबीज सुटलं असा त्याचा अर्थ नाही.

खरा घात "आधीच्या गोळ्या बंद करा" या त्यांच्या सांगण्याने होतो. पीसीओएसमध्ये डॉक्टर अनेकदा देतात ती मेटफॉर्मिन ही बारीक होण्याची गोळी नाही, ती इन्सुलिनचं काम सुधारते. वजन त्याने थोडंच उतरतं. डॉक्टर बहुधा ५०० मिलिग्रॅम जेवणासोबत सुरू करून एक-दोन आठवड्यांनी वाढवतात, कारण सुरुवातीला मळमळतं, पोट बिघडतं. नेमकी हीच मळमळ दाखवून "शरीर नाकारतंय" म्हणतात. त्रास होत असेल तर डॉक्टरांकडून सावकाश सुटणारी एसआर गोळी लिहून घ्या.

वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी पाळी सुधारू शकते. ८० किलोला ४ ते ८ किलो, तेही महिन्यांच्या हिशोबाने. त्याला पावडर लागत नाही, जेवणात वाटीभर मटकीची उसळ, एक नाचणीची भाकरी, ताक असं घरचं साधं खाणं पुरतं. मिसळही सोडायला नको, तर्री-फरसाण कमी आणि दोनाऐवजी एक पाव घ्या.

फसला असाल तर डबी फेकू नका. चेहरा सुजून गोल झाला असेल तर आत स्टेरॉईड असू शकतं. महिनोन्‌महिने घेतलेलं स्टेरॉईड एकदम तोडलं तर उलट्या होतात, रक्तदाब पडतो. तेव्हा अशा वेळी मनानेच बंद न करता त्याच दिवशी डबी घेऊन डॉक्टरांकडे जा. केंद्रवाले एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी नंबर दाखवतील, पण तो अन्नाचा परवाना आहे, औषधाचा नव्हे. लठ्ठपणा आणि पाळीच्या तक्रारी बऱ्या करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने मना आहे, तेव्हा त्यांच्या जाहिरातीचा फोटो आणि पैसे पाठवल्याची नोंद जपून ठेवा. औषधाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे, पैशांची ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर.