आठ महिने ॲन्कीवर इंग्लिश शब्द केले, त्याचा अनुभव

मी लातूरचा, बँकेच्या परीक्षेची तयारी करायलोय. ग्रामर ठीक होतं, मार्क जायचे ते व्होकॅबमधी. म्हणून आठ महिन्यांपूर्वी मोबाईलवर ॲन्कीड्रॉइड टाकलं, म्हणजे कार्डांवर पाठांतर करायचं ॲन्की हे ॲप, अँड्रॉइड फोनसाठीचं, फुकट आहे, आयफोनवाल्यांना मात्र विकत घ्यावं लागतं. कार्डाच्या पुढं शब्द, मागं अर्थ, आठवला की ते कार्ड चार दिवसांनी, मग दहा-बारा दिवसांनी, मग महिन्यानं असं लांब लांब जातं, नाही आठवला तर 'अगेन' दाबायचं की लगेच परत समोर.

सुरुवातीला कुणीतरी बनवलेला तयार डेक म्हणजे कार्डांचा गठ्ठा घेतला अन् त्यातच दोन महिने गेले. मिटिगेट म्हणजे कमी करणे, अलीव्हिएट म्हणजे कमी करणे, कर्टेल कमी करणे, अबेट कमी होणे. चारी कार्डं तोंडपाठ, पण क्लोज टेस्टमधी, म्हणजे उताऱ्यातल्या रिकाम्या जागा भरायच्या प्रश्नात, चारी एकाखाली एक ऑप्शनला आले की कोणता निवडावा कळायचंच नाही!

मग तो डेक काढून टाकला अन् स्वतः कार्डं लिहायला घेतली, मराठीत नेमका शब्द सापडल्याशिवाय कार्ड सेव्ह करायचं नाही असं ठरवलं. अबेटला 'ओसरणे' सापडलं तेव्हा लई बरं वाटलं, पूर ओसरतो, पाऊस ओसरतो, तो कुणी ओसरवत नाही. कर्टेल म्हणजे कपात, आपल्याकडं उन्हाळ्यात पाणीकपात होते तीच. मिटिगेट म्हणजे झळ कमी करणं, पाऊस दगा देणार तो देणारच पण शेततळं असलं की झळ कमी बसते. अलीव्हिएटच्या कार्डावर मी 'एप्रिल 2016, मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे' एवढंच लिहिलंय. लातूरचा दुष्काळ त्या गाडीनं हटला नाही, पण घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभं राहणाऱ्या आमच्या आईचा त्रास हलका झाला. ते कार्ड आजवर एकदाही चुकलं नाही.

एक सांगतो, रोज 20 नवीन कार्डं असं सेटिंग आधीपासून असतं, ते कमी करा. मी दिवाळीत नऊ दिवस हातच लावला नाही, चूक माझीच, साडेचारशे कार्डं साचली अन् ती संपवायला आठवडा गेला. आता रोज 7 नवीन कार्डं करतो, सकाळी चहाच्या आधी.

सध्या पॅलिएटवर अडलोय. कार्डावर 'मूळ दुखणं तसंच ठेवून त्रास कमी करणं' एवढं लांबलचक लिहिलंय, कुणाकडं एक शब्द असला तर सांगा.