लहान मुलांना घेऊन नीसमध्ये काढलेला हिवाळा: राहून आल्यानंतरचा अनुभव

आम्ही म्युनिकला राहतो. धाकट्याच्या वेळची पालकत्वाची रजा दोघांचीही शिल्लक होती आणि थोरलीची शाळा अजून सुरू व्हायची होती. म्हणून नोव्हेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत आम्ही फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर, नीसला मुक्काम हलवला. परत येऊन काही महिने झाले. ओळखीतले बरेच जण चौकशी करतात, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो की हंगाम नसताना तिथे करायचं काय? समुद्रात मुलांना उतरवता येत नाही हे खरं, भर थंडीत पाणी १३-१४ अंशांवर असतं. पण हे शहर वाढलंच मुळी हिवाळ्यासाठी. अठराव्या शतकापासून इंग्रज थंडी चुकवायला इथे येत. १८६४ मध्ये रेल्वे आल्यावर रशियन आणि इतर युरोपीय श्रीमंतांची रीघ लागली. व्हिक्टोरिया राणीसुद्धा १८९०च्या दशकात नीसमधल्याच सिमिएच्या टेकडीवर मुक्कामाला यायची. उन्हाळ्यात मात्र हॉटेलं बंद असायची, उन्हाळी गर्दी सुरू झाली ती पहिल्या महायुद्धानंतर. २०२१ साली युनेस्कोने नीसला जागतिक वारसा यादीत घेतलं, तेही रिव्हिएरावरचं (म्हणजे याच भूमध्य किनारपट्टीवरचं) हिवाळी मुक्कामाचं शहर म्हणूनच. त्यामुळे इथे हिवाळ्यात जाणं म्हणजे उरलंसुरलं पदरात पाडून घेणं नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

फक्त घर नीट निवडायला हवं. घर ठरवताना आम्ही एकच प्रश्न लावून धरला होता: जानेवारीत खोलीत ऊन किती वाजता येतं आणि किती वाजेपर्यंत राहतं? जुनं नीस फार देखणं आहे, पण तिथल्या गल्ल्या इतक्या अरुंद की हिवाळ्यात ऊन जमिनीला टेकतच नाही, शिवाय बालगाडी घेऊन जिने चढायचे. आम्ही दक्षिणेकडे गॅलरी असलेलं, लिफ्टचं घर घेतलं आणि दुपारच्या वेळी व्हिडिओ कॉलवर ते पाहूनच पैसे भरले. सकाळी दहाच्या सुमारास उन्हाचा पट्टा बैठकीत मध्यापर्यंत यायचा. बाळ नुकतंच रांगायला लागलं होतं. पट्टा सरकेल तसं तेही सरकायचं. ऊन गेलं की मात्र फरशी गार पडते. इथली बरीच घरं बिनगालिच्याची आणि विजेच्या हीटरवर चालणारी. आमच्या घरातला एक हीटर धड तापत नव्हता. मालकाच्या मागे लागून दुसरा मिळवेपर्यंत आठवडा गेला. विजेचं बिल भाड्यात धरलंय की वेगळं, हे आधीच लिहून घ्या. महिन्याच्या बोलीवर हिवाळ्यात भाडं खूप उतरतं, पण विजेच्या बिलात ती बचत आटू शकते.

बाजारासाठी सगळे जुन्या नीसमधला कूर सालेया सुचवतात. फुलं बघायला जरूर जा (सोमवारी मात्र तिथे जुन्या वस्तूंचा बाजार असतो), पण रोजची भाजी आम्ही लिबेरासियोंच्या बाजारातून आणायचो. तिथे गावातली माणसं भाजी घेतात आणि भावही बरे. मधे पुण्याहून आई आली होती. तिला सोक्का खायला नेलं: हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, लाकडाच्या भट्टीत भल्यामोठ्या तांब्याच्या परातीत भाजलेलं, वर मिरपूड. कडा करपट-कुरकुरीत, आत मऊ. आई म्हणाली, "अगं, हे तर आपलं धिरडं! नुसता ओवा हवा होता." दुसऱ्या दिवशी घरच्या ओव्हनमध्ये तिने ओवा-मिरची घालून केलंच, आणि थोरलीला दोन्ही आवडले.

फिरण्याचा खरा आधार म्हणजे रेल्वे आणि ट्राम. विमानतळावरून ट्राम थेट शहरात येते, बालगाडी सहज चढते. पूर्वेला इटलीच्या सीमेजवळच्या माँतों गावाला जाताना रेल्वेगाडीत उजव्या बाजूला बसा, समुद्र त्याच बाजूला आहे. किल्ल्याच्या टेकडीवर जायला फुकट लिफ्ट आहे, वर मुलांना खेळायला जागा आहे, आणि दुपारी बाराला तोफेचा बार होतो. बाळ झोपलेलं असेल तर त्या वेळी टेकडीपासून लांब राहा. पावसात मोनॅकोचं सागरी संग्रहालय उपयोगी पडलं. मातिस आणि शागाल या चित्रकारांची नीसमधली दोन्ही संग्रहालयं मंगळवारी बंद असतात.

उणिवा आहेत. नीसचा किनारा गोट्यांचा, वाळूचे किल्ले विसरा. डिसेंबरात पाच वाजता अंधार पडतो. किनाऱ्यावरच्या लहान गावांत नोव्हेंबर-डिसेंबरात बऱ्याच खानावळी बंद असतात, सेंट ट्रोपेच्या पर्यटक बोटीही नसतात. पूर्वेचा वारा सुटला की लाटा गोटे थेट प्रोमनादवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या फिरायच्या रस्त्यावर फेकतात, तेव्हा मुलांना तिकडे नेऊच नका.

जर्मनीचा रहिवासी परवाना असला तरी भारतीय पासपोर्टवर फ्रान्समध्ये १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि सुट्टीचं घरही एका भाडेकरूला सलग ९० दिवसांपर्यंतच देतात. तारखा याच हिशेबाने ठरवा. फेब्रुवारीच्या मध्याला नीसचा कार्निव्हल आणि माँतोंचा लिंबू महोत्सव सुरू होतो, त्यातच फ्रेंच शाळांच्या सुट्ट्या. भाडी तेव्हा चढतात. लिंबू-संत्र्यांनी रचलेले ते प्रचंड पुतळे मुलांना दाखवायचेच असतील, तर शेवटचे आठवडे सुरुवातीच्या करारातच धरून घ्या.