जुन्या उकिरड्यातील बाटल्यांसाठी शोधसळई : वर्षभराच्या वापरानंतर

जुन्या उकिरड्यांत काचेच्या बाटल्या शोधणाऱ्याला कुदळ-फावड्याच्याही आधी लागणारे साधन म्हणजे जमिनीत खुपसून खालचा थर अजमावण्याची पोलादी सळई. अशी एक तयार सळई मी गेले वर्षभर वापरत आहे. ती स्प्रिंग स्टीलची, १२० सेंटिमीटर लांब आणि १० मिलिमीटर जाड असून माथ्यावर आडवी मूठ आणि खालच्या टोकाला सळईपेक्षा किंचित जाड असे गोलसर बोंड आहे. घेताना मी तिची लांबी आणि मजबुती तेवढी पाहिली होती. आता कोणी विचारले, तर ती हाताला काय ऐकवते हे आधी पाहा, असेच मी सांगेन.

बोंडाची रचना उत्तम आहे. ते जाड असल्यामुळे जमिनीत पडणारे छिद्र सळईपेक्षा थोडे मोठे राहते, मातीच्या कडा सळईला आवळून धरत नाहीत आणि हाताला जे जाणवते ते फक्त टोकाशी घडणारे असते. साध्या टोकदार सळईने मी पूर्वी काम केले आहे. तिच्यात मातीचे घर्षण आणि खालच्या वस्तूचा स्पर्श यांची सरमिसळ होते, शिवाय तीक्ष्ण टोकाने काचेला ओरखडा जाण्याची भीती सतत वाटत राहते.

काच लागली की सळईतून बारीक, खणखणीत नाद येतो आणि बोंड किंचित घसरल्यासारखे वाटते. दगडाला ते खरडते आणि तेथेच अडते. विटेचा स्पर्श रवाळ असतो, गंजलेल्या लोखंडाचा आवाज बद्द येतो आणि झाडाचे मूळ सळईला हलकेच मागे ढकलते. चिनीमातीचे भांडे मात्र काचेच्या इतके जवळचे वाटते, की त्या दोहोंतला फरक मला अजूनही खात्रीने सांगता येत नाही. या सर्वांपेक्षा महत्त्वाची खूण म्हणजे कोळशाची राख. सळई घट्ट मातीतून एकदम सैल थरात उतरते आणि करकर असा आवाज येऊ लागतो, तेव्हा खाली घरगुती कचऱ्याचा थर असण्याची शक्यता बरीच वाढते, कारण ज्या काळात चुली आणि शेगड्या कोळशावर चालत, त्या काळातील कचऱ्यात राखेचाच वाटा मोठा असे.

येथेच या सळईचा मोठा दोष आहे. मुठीवर चढवलेले जाड रबरी आवरण हाताला मऊ लागते, परंतु ते नेमका हा नादच गिळून टाकते. पहिले दोन महिने मला काच आणि खडा यांतला फरक कळत नव्हता आणि मी तो माझ्या अननुभवाचा परिणाम मानत होतो. शेवटी आवरण कापून काढले आणि उघड्या पोलादावर पातळ हातमोजे घालून काम सुरू केले, तेव्हा तीच सळई बोलू लागली. उत्पादकाने आवरण सहज काढता येईल असे तरी ठेवायला हवे होते.

सोबतच्या माहितीपत्रकात कठीण जमिनीत मुठीवर हातोडा मारण्याची मुभा दिली आहे, ती मला मुळीच मान्य नाही. सोड्याच्या जाड बाटल्या एखादा धक्का सोसतील, पण औषधाच्या पातळ कुप्या सोसणार नाहीत, आणि शतकभर मातीखाली अखंड राहिलेली वस्तू आपल्या उतावीळपणाने फुटावी यासारखे दुःख नाही. जमीन कोरडी व कठीण असेल, तर पावसानंतर यावे. ओल्या चिकणमातीत सळई रुतून बसते खरी. ती सरळ न उपसता आधी फिरवून सैल करावी लागते. इतक्या ओढाताणीनंतरही मुठीचा जोड हललेला नाही आणि सळई वाकली तरी पुन्हा सरळ होते, हे या पोलादाचे श्रेय आहे.

हिच्यामुळे खोदकाम किती कमी झाले, ते एका जागेच्या उदाहरणावरून सांगतो. मालकाची परवानगी घेऊन एका पडीक उतारावर मी दर अर्ध्या मीटरवर सळई टोचत गेलो आणि एका लहानशा पट्ट्यातच, सुमारे ६० सेंटिमीटर खोलीवर, राख लागली. तेवढाच भाग उघडला. वरच्या बाटल्यांवर साच्याची शिवण, म्हणजे साच्याचे भाग जुळतात तेथे काचेवर उमटणारी रेघ, थेट ओठाच्या कडेपर्यंत गेलेली होती, म्हणजे त्या यंत्रावर घडलेल्या. मायकेल ओवेन्सचे बाटल्या घडवणारे स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमाराचे. त्याखाली शिवण मानेवरच संपलेल्या, हाताने ओठ घडवलेल्या बाटल्या निघाल्या आणि त्यांच्यात हायरम कॉड यांच्या १८७० च्या दशकातील रचनेची एक गोटीची, म्हणजे मानेतल्या काचेच्या गोटीने तोंड बंद होणारी सोड्याची बाटली होती. तिची मान फुटलेली होती आणि गोटी गायब होती. मुले गोटीसाठी या बाटल्या फोडत, म्हणून अखंड नमुने कमी सापडतात. सरसकट कुदळ चालवली असती, तर वरचा आणि खालचा थर एकमेकांत मिसळून हा क्रम कायमचा पुसला गेला असता.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र माहितीपत्रक अगदी अपुरे आहे. ही सळई उघड्या पोलादाची आहे, मुठीला विजेपासून संरक्षण नाही, आणि मी काढलेल्या रबरालाही तसे संरक्षण मानता आले नसते. त्यामुळे जमिनीखालून विजेची तार किंवा वायूची नळी जात असण्याची शंका असेल, तेथे नकाशे तपासल्याशिवाय ती टोचू नये. संरक्षित पुरातत्त्वीय जागेत तर ती नेऊच नये. थर सापडल्यावर खड्ड्याच्या भिंतीत आडवे पोखरत जाण्याचा मोह होतो, पण एक घनमीटर माती साधारण दीड टन भरते आणि ती कोसळताना पूर्वसूचना देईलच असे नाही. बूच शाबूत असलेली बाटली जागेवर उघडू नये, कारण जुन्या औषधांत आणि कीटकनाशकांत पारा किंवा आर्सेनिक असू शकते.

लांबीबद्दल सांगायचे, तर उथळ उकिरड्यांसाठी १२० सेंटिमीटर पुरेशी आहे. नंतर वरून भराव टाकलेल्या जागी ती राखेपर्यंत पोहोचत नाही, आणि याच बनावटीची १५० सेंटिमीटरची सळई मी मित्राकडून घेऊन पाहिली, तेव्हा ती अधिक लवत असल्याने काचेचा नाद क्षीण झाला. म्हणून मी आखूडच ठेवली आहे. बोंड आट्यांवर बसवलेले असून बदलता येते. आट्यांत माती शिरून ते सैल होते, तेव्हा प्रत्येक दिवसाच्या कामानंतर ते काढून पुसावे, तेलाचा हात द्यावा आणि पुन्हा घट्ट आवळावे.